पूड किती, ते डब्याच्या मापानं सांगा

प्रति,
राज्यातल्या कृषी विद्यापीठांमधले कीटकशास्त्रज्ञ
आणि गावोगाव प्रशिक्षणाला येणारे कृषी खात्याचे अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

गेल्या श्रावणात मुगाच्या डब्याचं झाकण उघडलं आणि भुंगे हातावर चढले. पंधरा किलोचा तेलाचा डबा, आदल्या भाद्रपदात भरलेला. वर कडुनिंबाचा पाला तसाच होता, वाळून कुरकुरीत झालेला, आणि त्या पाल्यावरूनच भुंगे आरामात फिरत होते. मूठभर मूग उजेडात धरले. निम्म्या दाण्यांना दाभणानं पाडावं तसं गोल भोक. ज्यांना भोक नव्हतं त्यांच्या सालीला खसखशीपेक्षा बारीक पांढरे ठिपके चिकटलेले. ती अंडी. धुऊन जात नाहीत, नखानं खरवडावी लागतात.

पाला टाका, हे आम्हाला एका प्रशिक्षणात सांगितलं होतं. ज्या साहेबांनी सांगितलं त्यांचं नाव-गाव लिहीत नाही, कारण त्यांच्या हातातल्या पत्रकातही तेवढी एकच ओळ होती. मी उठून विचारलं, किती टाकायचा? ओला की सुका? ते हसून म्हणाले, टाका की दोन मुठी, ताई. त्याच दुपारी तुरीवरच्या अळीचं औषध सांगताना मात्र त्यांनी दहा लिटर पाण्याला किती मिली, एकरी किती पंप, फवारणीनंतर किती दिवस थांबायचं, सगळं फळ्यावर लिहून दिलं होतं. शेतात मिलीलिटर चालतो आणि कोठीपाशी आलं की मूठ सुरू होते. साठवलेल्या धान्यात कीड रोखायला काय घालायचं आणि किती, हे मुठीनं सांगण्याबद्दल हे पत्र आहे.

मी मंगळवेढ्याकडची. आमच्या भागाला ज्वारीचं कोठार म्हणतात आणि इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाची कोठारं रयतेला उघडून दिली, ही गोष्ट इथलं लहान पोरही सांगतं. गोष्टीत पुढे विठ्ठल स्वतः बिदरला जाऊन धान्याचे पैसे भरतो, त्यामुळे ऐकणाऱ्याचं सगळं ध्यान तिकडे जातं. मला मात्र लहानपणापासून दुसरंच कुतूहल. कोठार उघडलं तेव्हा आतली ज्वारी खाण्याजोगी होती ना! ती कुणी राखली होती? त्या माणसाचं किंवा बाईचं नाव कुठल्या अभंगात नाही.

आजेसासूबाईंच्या वेळी आमच्या वाड्यात दोन पेवं, म्हणजे धान्य साठवायचे जमिनीतले खड्डे होते. तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल एवढी, आत रुंद. कडेनं कडबा लावायचा, ज्वारी ओतायची, तोंडावर दगड आणि वरून माती लिंपायची. आत धान्य आणि किडे मिळून हवेतला प्राणवायू संपवतात आणि पुढे किडेच गुदमरतात. म्हणून तर पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरत नसे. तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर त्या दिवशी उतरायचं नाही. घाईनं उतरलेला माणूस वर आलाच नाही, अशा गोष्टी आमच्याकडे घरोघर ऐकायला मिळतात. कडेची ज्वारी काळवंडायची, तिला वास यायचा, ती गुरांना जायची. मधली खायला. तुम्ही आता ज्या हवाबंद पिशव्या दाखवता त्यांचं तत्त्व तेच आहे, फक्त पिशवीसाठी अंगण खणावं लागत नाही. (‘पेव फुटलं’ हे आता टीव्हीवर शिकवण्यांबद्दल म्हणतात. पेव म्हणजे काय, ते बोलणाऱ्यानं पाहिलेलं नसतं.)

ती पेवं बुजली. माळवदाच्या भिंतीतली धान्याची बळदं पाडून स्लॅबची खोली झाली. धान्य प्लॅस्टिकच्या पोत्यात आणि पत्र्याच्या कोठीत आलं. तिथं हवा खेळते, म्हणून कीडही खेळते, आणि म्हणून पूड लागते.

माझी पुतणी शेतकी शिकते. भुंगे बघून ती हसली नाही, दोन दिवसांनी एक जुना संशोधन लेख शोधून घेऊन आली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतले जोतवानी आणि सरकार नावाचे दोन शास्त्रज्ञ, साल १९६५. त्यांनी निंबोळीच्या बीमधल्या गराची पूड गव्हाच्या बियाण्यात मिसळली, शंभर भाग गव्हाला एक ते दोन भाग पूड. सोंडे, दाणे पोखरणारे भुंगेरे आणि खापरा, या तिन्हींपासून गहू नऊ महिने ते वर्षभर राखला गेला. दोन वर्षांनी त्यांनी कडधान्याच्या भुंग्यावरही तेच करून पाहिलं. मी त्या लेखाकडे बराच वेळ बघत बसले. साठ वर्षं! एवढ्या काळात हा आकडा दिल्लीहून आमच्या गावात पोचला नाही, आणि जे पोचलं ते बदलून पोचलं. गराचा पाला झाला आणि शंभरात एकाच्या दोन मुठी झाल्या.

आमच्या डब्याच्या मापात तो आकडा असा होतो: पंधरा किलोला दीडशे ते तीनशे ग्रॅम गराची पूड. दीडशे ग्रॅम सुका गर जमवायचा तर निंबोळ्या किती वेचाव्या लागतात हे ज्यानं वेचल्या त्यालाच कळेल. निंबोळीचा वरचा मऊ, चिकट भाग धुऊन काढायचा, बी सावलीत वाळवायची, मग टरफल फोडायचं. नीट वाळली नाही तर बुरशी धरते, आणि बुरशीचं बी धान्यात घालण्यापेक्षा किडे बरे. फवारणीचा निंबोळी अर्क करायला आम्ही आषाढात बी जमवलं होतं, त्यातलं शिल्लक होतं म्हणून जमलं. गर मी मिक्सरला लावला. त्यात तेल एवढं की पूड व्हायच्या ऐवजी लगदा झाला आणि पात्याला गच्च बसला. तीनदा घासूनही पुढचे चार दिवस शेंगदाण्याची चटणी कडू. घरच्यांनी जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. मग पाट्यावर गोवरीच्या चाळलेल्या राखेबरोबर रगडला, तेव्हा कुठे सुटी पूड झाली. राखेचा आणखी एक फायदा आम्हाला आधीपासून माहीत आहे: दाण्यांमधल्या फटी बुजतात आणि किड्याचं अंग घासून कोरडं पडतं. आजेसासूबाई मटकीचं बियाणं राखेतच ठेवत. पण राख मिसळली म्हणून गराचं प्रमाण कमी करावं का? राख गोवरीची असावी की लाकडाची? मला ठाऊक नाही आणि तुमच्या पत्रकात नाही.

नव्या मुगाचे आम्ही बचत गटातल्या बायकांनी तीन डबे केले. याला प्रयोग म्हणायचं धाडस माझं नाही. एकात पाला, एकात गराची पूड, आणि तिसऱ्यातल्या मुगाला गोडं तेल चोळलं, किलोला साधारण चमचाभर. होळीला उघडले. पाल्याच्या डब्याचं काय झालं ते सांगायला नको. पुडीच्या डब्यात चाळणीला पाच-सहा भुंगे आले, तेही बहुतेक मेलेले. तेलाचा मूग स्वच्छ होता. पुतणी म्हणाली, तेलामुळे दाण्यावर अंडं धड चिकटत नाही आणि चिकटलं तरी गुदमरतं; हे विद्यापीठांतूनही सांगितलेलं आहे, किलोला पाच मिलीच्या आसपास. आमच्या आया गव्हाला आणि तुरीच्या डाळीला एरंडेल चोळत आल्या त्यामागेही असंच काही असेल. मग हे पत्रकात पहिल्या ओळीत का नाही? तेल प्रत्येक घरात आहे. डाळ-उसळ करताना ते पोटात गेलं तरी कुणाचं काही बिघडत नाही.

आता ज्वारीचं ऐका, कारण तिथं आमची फजिती झाली. एका पोत्यात उत्साहानं गराची पूड मिसळली. दिवाळीत दळायला काढली, चाळली, पाखडली, गिरणीत दिली. गहू आपण धुऊन वाळवून दळतो, ज्वारी कुणी धूत नाही. भाकरी कडू जहर झाली. ती आम्ही खाल्ली, पण माझ्यामागे गिरणीत ज्यांचं दळण होतं त्यांचंही पीठ कडू झालं आणि गिरणीवाल्यानं भर चौकात मला हाका मारल्या. आजही माझं दळण दिसलं की तो आधी वास घेतो. दिल्लीच्या त्या लेखात गव्हाचं बियाणं होतं, हा शब्द मी वाचताना सोडून दिला होता. बियाण्याचं औषध वेगळं आणि खाण्याच्या धान्याचं वेगळं, एवढी एक रेघ कुणीतरी आमच्यासाठी ओढायला हवी होती. ती रेघ हे तुमचं काम आहे.

दुसरी गोष्ट, वेळेची. पूड हा पहारा आहे, औषध नव्हे. ज्वारीतल्या सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून चिकट बूच लावून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते, आतच कोष करते, आणि महिनाभरानं पूर्ण किडा होऊन बाहेर पडतो. बाहेरून दाणा धडधाकट दिसतो. अशा पोत्यात तुम्ही कसलीही पूड ओता, आतल्या अळीला त्याचा पत्ता नसतो. मुगाचा भुंगा तर शेतातूनच येतो. शेंगेवर अंडी घालतो आणि आपण त्याला मळणी करून डब्यात सन्मानानं बसवतो. म्हणजे आधी ऊन, मग पूड. काळ्या कागदावर पातळ थर, वैशाखातलं ऊन, दाणा दाताखाली कट्कन फुटेपर्यंत. गरम धान्य लगेच भरायचं नाही, रात्रभर निवू द्यायचं, नाहीतर आत घाम धरतो. हे आमच्या बायकांना येतं. पण आम्ही उन्हाळ्यात वाळवतो आणि पूड आठवते पावसाळ्यात, पोत्यात हात घातल्यावर आत ऊब लागली की. तोवर तिथं संसार थाटलेला असतो.

आणि एक नाजूक विषय. वनस्पतीची पूड म्हटलं की तुमच्यातलेही काही जण डोळे मिटून शिफारस करतात. नैसर्गिक आहे, अपाय नाही. असं कसं? बिबा नैसर्गिकच आहे आणि तो उतला की कातडीचं काय होतं हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही. वेखंड कीड रोखतं, यात शंका नाही. पण आपल्याकडच्या वेखंडात बीटा-ॲसारोन नावाचं अपायकारक द्रव्य भरपूर असतं, आणि त्याच कारणानं अमेरिकेनं १९६८ साली वेखंड खाण्याच्या पदार्थांतून हद्दपार केलं. बाळाला चिमूटभर उगाळून देतात, म्हणून पोतंभर ज्वारीत किलोभर घालून वर्षभर खाणं बरोबर ठरत नाही. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावताना डोळ्यात जाऊन बुबुळाला इजा झालेले रुग्ण डोळ्यांच्या डॉक्टरांना माहीत आहेत. ती पूड आम्ही बंद खोलीत, उघड्या हातांनी, पाखडत मिसळायची का? पारदाच्या म्हणून मिळणाऱ्या गोळ्या तर वनस्पतीच्याही नाहीत, तरी ‘आयुर्वेदिक’ म्हणून तांदळाच्या डब्यात सर्रास पडतात. पारा धान्यापाशी नको, हे तुम्ही एकदा मोठ्या अक्षरात छापा. आम्ही सांगितलं तर सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी काही झालं नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येते. माझ्या नात्यातल्या एका घरी दोन वर्षांपूर्वी पहाटे सगळ्यांना उलट्या सुरू झाल्या. दोन लहान मुलं, आई-बाप, म्हातारी. आदल्या संध्याकाळी गव्हाच्या पोत्यांत गोळ्या टाकल्या होत्या आणि पोती झोपायच्या खोलीतच होती. म्हातारीला रात्री लसणासारखा वास आला होता, तिला वाटलं सुनेनं चटणी केली. नशिबानं सगळी वाचली. ॲल्युमिनियम फॉस्फाईडची तीन ग्रॅमची एक गोळी हवेतला ओलावा घेते आणि एक ग्रॅम फॉस्फीन वायू सोडते. त्यावर उतारा नाही. कायद्यानं हे औषध सरकारी यंत्रणांनी आणि कीडनियंत्रणाचं काम करणाऱ्यांनी, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरायचं. प्रत्यक्षात ते कागदाच्या पुडीत सुटं मिळालं होतं. दुकानाचं नाव काढायचं नाही, ते एकच नाही.

पण त्या घरच्या बाईला मी विचारलं, अगं, गोळ्या कशाला? तिचं उत्तर मी विसरू शकत नाही. ती म्हणाली, दुकानदारानं नीट सांगितलं ना, पोत्याला एक. कडुनिंबाचं कुणी नीट सांगतच नाही.

म्हणजे बघा. विषाला माप होतं, म्हणून त्याच्यावर विश्वास बसला. निंबोळीला मूठ होती, म्हणून ती आजीबाईचा बटवा ठरली. आम्ही बायका अडाणी म्हणून गोळीकडे वळत नाही. ज्याच्यामागे आकडा आहे त्याच्याकडे वळतो, तुम्हीही तेच कराल. आणि ती गोळी घरात नीट कामही करत नाही. गुदामात ताडपत्रीखाली सील करून दिवसच्या दिवस वायू कोंडतात. आमच्या सच्छिद्र पोत्यातून तो रात्रीत खोलीत येतो. किडे अर्धवट मरतात, वाचलेले पुढच्या खेपेला दाद देत नाहीत. धान्यातले किडे फॉस्फीनला सरावल्याचं तुमच्याच शास्त्रज्ञांनी नोंदवलं आहे.

तर मागणं काय? नवीन काही शोधा असं म्हणतच नाही. जे साठ वर्षांपूर्वी शोधलं ते आमच्या मापात आणून द्या. पायलीत देऊ नका, पायली दर तालुक्याला बदलते. पंधरा किलोचा डबा आणि पन्नास किलोचं पोतं, ही दोन मापं सगळीकडे सारखी आहेत. मुगाला काय, ज्वारीला काय, तांदळाला काय, हे वेगळं सांगा, आणि बियाण्याचा रकाना खाण्याच्या धान्यापासून वेगळा काढा. किती महिने टिकतं ते लिहा. दळण्याआधी, शिजवण्याआधी काय करायचं ते लिहा. फवारणीच्या औषधावर काढणीआधी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतंच ना? मग पुडीचं का नसावं?

आमच्याकडचे उपायही तपासा. निर्गुडीचा पाला, हळद, लवंगा, सुक्या मिरच्या, काड्यापेटी (हो, तांदळात काड्यापेटी ठेवणारी घरं आहेत), तुरीला लावायची तांबडी माती. यातलं निम्मं निरुपयोगी निघेल याची मला खात्री आहे. निघू द्या. निरुपयोगी निघालेलं सुद्धा छापा, तेच जास्त हवं आहे. तुमच्या अहवालांत जे चाललं तेवढंच दिसतं आणि आम्ही जे चालत नाही तेच पिढ्यान्‌पिढ्या करत राहतो.

प्रशिक्षण ठेवताना एक करा. सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला बोलावणं जातं, आणि तो कोठीचं झाकण वर्षात दोनदाही उघडत नाही. झाकण उघडणारीला बोलवा. सकाळी अकराला नको, दुपारी तीनला. तेव्हा आमची भांडी झालेली असतात आणि गुरं सुटायला वेळ असतो. स्लाईड नकोत. एक डबा किडलेला मूग आणा, एक भिंग आणा. मुगावरचं ते पांढरं अंडं ज्या बाईनं एकदा भिंगातून बघितलं, तिला पुढचं फार सांगावं लागत नाही. पुतणीनं मला तसंच दाखवलं होतं.

आता वैशाख चालू आहे. आणखी महिनाभरानं आमच्या बांधावरच्या कडुनिंबांखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडेल. कृषी खात्याची माणसं दरवर्षीप्रमाणे येतील आणि फवारणीसाठी पाच टक्के निंबोळी अर्क कसा करायचा ते सांगतील. ते प्रमाण आता पोरासोरांनाही पाठ झालं आहे, म्हणजे तुम्ही मनावर घेतलं की आकडा गावात पोचतो. त्याच कागदाच्या मागची बाजू कोरी असते. तिथं डब्याचं माप छापून आणा. निंबोळ्या वेचून, वाळवून ठेवायचं आम्ही बघतो.

कळावे,
मंगळवेढ्याजवळच्या एका गावातली शेतकरीण

ता. क. गिरणीवाल्याला मी तेव्हा दोन पायल्या ज्वारी भरून दिली. त्यानं घेतली, पण आधी चावून पाहिली.